डाव्या हाताचं रक्त

साखरशेतच्या मारुतीपुढं त्या रविवारी एवढी माणसं जमली होती की चपला काढायला जागा उरली नव्हती. मोहाचे दिवस होते. पहाटेपासून झाडाखाली वाकून फुलं वेचणारी माणसं टोपल्या घरी टाकून तशीच उठून आली होती. मांडवात एक टेबल, टेबलावर पिवळं कापड, कापडावर गणपतीची तसबीर आणि तसबिरीपुढं रक्तातली साखर मोजायचं मशीन. मशीनला हळदकुंकू लावलेलं होतं.

टेबलामागं धनेशजी उभे. पांढरा झब्बा, कानाला अडकवलेला माईक. लोक त्यांना दालचिनीबाबा म्हणत. आपण हिमालयातून आलो असं ते सांगत. गाडीचा नंबर ठाण्याचा होता.

"माउलींनो, रोगाचं नाव काय? साखर. हिंदीत साखरेला काय म्हणतात? जे भिवंडीला, ठाण्याला कामाला जाऊन आलेत त्यांनी सांगा."

"चिनी," मागून दोघंतिघं बोलले.

"आणि ह्या सालीचं नाव?"

"दालचिनी."

"दाल, चिनी. म्हणजे डाल दे चिनी को. टाकून दे साखरेला. ऋषिमुनींनी नावातच औषध लिहून ठेवलं आणि आपण ते पुलावात घालून खाल्लं."

पुढच्या रांगेत मंगळूकाका बसले होते. त्यांनी उगाच हात वर केला. "पण डाल म्हंजे घाल ना, महाराज? आमचा मुकादम म्हणायचा, चाय में चिनी डाल. मंग ही साल तर साखर घालती."

लोक हसले. धनेशजीही हसले. "काका, शंका हाच तुमचा आजार आहे. या, पहिले तुम्हीच."

काकांच्या उजव्या हातावर गुळाचा खडा ठेवला गेला. प्रसाद. तो मुठीत धरून अकरा वेळा देवाचं नाव घ्यायचं, मग खायचा. हात पुसायचा नाही, प्रसादाचा अपमान होतो. मग त्याच हाताच्या बोटाला सुई. टोचण्याआधी बोट स्पिरिटनं पुसत नाहीत का, असं गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं, सुनितानं, विचारलं होतं. धनेशजींनी कानाला हात लावले. "स्पिरिट म्हणजे दारू, ताई. मारुतीच्या पुढ्यात दारू?"

मशीनवर आकडा आला: तीनशे अठरा. काकांची बायको कोंडीकाकू मटकन खाली बसली.

मग दालचिनीच्या दोन कॅप्सूल आणि तांब्याच्या कमंडलूतून दालचिनीचं तीर्थ. अर्धं प्यायचं, अर्धं दोन्ही हातांना चोळायचं. "बोटं चोळा, नखं चोळा. रोग नखातून उतरतो." पुसायला कोरा पंचा. मग पाऊण तास भजन. भजन संपल्यावर पुन्हा सुई.

एकशे चार.

 एक म्हातारी उठली आणि तिनं मशीनच्या पाया पडल्यासारखं केलं. एकामागून एक बोटं पुढं आली. साडेतीनशेचे शंभर झाले, तीनशेचे नव्वद झाले. दुपारपर्यंत निम्म्या गावाला साखर झाली आणि निम्म्या गावाची उतरली.

मी तिथं होते. जव्हारच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. सुट्टीसाठी घरी आले होते. गूळ, मूठ, पंचा, तीर्थ सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मला काहीही दिसलं नाही. मी मनातल्या मनात त्या माणसाच्या व्याकरणातल्या चुका काढत उभी होते.

माझा बा रांगेत सातवा होता. फागू त्याचं नाव. मंगळूकाकांसारखी त्याची साखर त्या दिवशी जन्माला आलेली नव्हती. सात वर्षांपासून तो सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांवर होता. त्या गोळ्यांचा त्याला कंटाळा होता. "भाकरीच्या आधी गोळी, भाकरीच्या मागून गोळी, मधी भाकरीला जागा कुठं?" असं तो म्हणायचा. तो मोहाखालून उठून सरळ रांगेत आला होता. त्याचा पहिला आकडा चारशे एकतीस. भजनानंतरचा एकशे अठ्ठ्याहत्तर.

दोन्ही आकडे कागदावर लिहून मिळाले. तो कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. घरी आल्यावर गोळ्यांचा डबा उचलला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवून दिला.

"बा, असं करू नको," मी म्हणाले.

"चारशे एकतीसचं एकशे अठ्ठ्याहत्तर. पाऊण तासात. तुझ्या डॉक्टरनं सात वर्षांत काय उतरवलं?"

मी शिकलेली मुलगी. मी त्याला शब्दाची गोष्ट सांगितली. दालचिनीतली चिनी साखरेची नव्हे, बा. तो फारसी शब्द आहे, दारचिनी, चीन देशाचं लाकूड. त्याला ती गोष्ट फार आवडली. दोन दिवस तो ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. मग मला म्हणाला, "चीनचं लाकूड का होईना, पण आकडा उतरला ना?"

जव्हारला परत गेल्यावर मी वाचलं. मिळेल ते वाचलं. दालचिनीवर अभ्यास झालेले आहेत. काहींत उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याचं दिसलं, काहींत काहीच फरक नाही. चालू गोळ्या सोडून दालचिनीवर राहा, असं त्यातला कुणी सांगत नाही. उलट बाजारात मिळणारी जाडी साल रोज जास्त खाल्ली तर यकृताला त्रास होऊ शकतो, असंही लिहिलं होतं. दर रविवारी मी हे फोनवर त्याला मराठीत करून सांगायची. तो शांतपणे ऐकून घ्यायचा. माझं संपलं की म्हणायचा, "चारशे एकतीसचं एकशे अठ्ठ्याहत्तर."

मी त्याला कागद वाचून दाखवत होते, तो मला आकडा दाखवत होता. आकड्याला उत्तर आकड्यानंच द्यावं लागतं. हे मला सुचलं नाही.

"मग पुन्हा तपासून तरी घे," मी म्हणायची. तर धनेशजींनी तेही बंद करून ठेवलं होतं. तपासलं की संशय येतो आणि संशयानं गुण जातो. माणसाला आंधळं करायचं आणि वर सांगायचं की डोळे उघडलेस तर आंधळा होशील.

जेठात त्याला फार तहान लागू लागली. उन्हाळा आहे, तो म्हणाला. आषाढात सदरा अंगावर लोंबू लागला. आवणीची, भात लावायची मेहनत आहे, तो म्हणाला. चिखलात पायाला काही लागलं ते त्याला कळलंच नाही, कारण पाय बधिर झाला होता. भादव्यात आम्ही त्याला नाशिकला नेलं तेव्हा साखर सहाशेच्या वर होती. गुडघ्याखालून पाय काढला. विष त्याआधीच रक्तात गेलं होतं. आठव्या दिवशी तो गेला. त्याचे कपडे माझ्या हातात दिले, त्यात तो सदरा होता. खिशात प्लास्टिकची पिशवी होती.

कार्तिकात धनेशजी सांत्वनाला आले. मी जव्हारला होते. येताना ते नारळ घेऊन आले आणि आयला म्हणाले, "फागूकाकांनी आवणीत नागलीची भाकर सोडून भात खाल्ला. पथ्य मोडलं. औषध काय करणार?"

भात आयनंच रांधला होता. आवणीला राबणाऱ्या नवऱ्याला तिनं राखून ठेवलेल्या तांदळाचा भात वाढला होता आणि तो बोटं चाटत जेवला होता. त्या दिवसापासून आयनं चुलीवर भात चढवला नाही. मला ती काही बोलली नाही. माहेरी येऊन भाकरी खाताना मला वाटायचं, एकटीला भात रांधायचा कंटाळा करते.

यंदा चैत्र आला, मोह गळू लागला आणि पुन्हा गावात बातमी फिरली: रविवारी दालचिनीबाबा येणार.

"मी जाते यंदा," आय म्हणाली.

तिला साखर आहे. दोन वर्षांपूर्वी निघाली. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेते.

"कशाला जातेस?"

"दालचिनी घेते. गोळ्या सोडते."

मला हातातलं भांडं भिंतीवर फेकावंसं वाटलं. ते मी खाली ठेवलं. "आय, बा कसा गेला?"

"पथ्य मोडून गेला. मी भात घातला त्याला." ती चुलीकडं बघत बोलत होती. "मी पथ्य पाळीन. मी नाय मरायची. तू नको घाबरू."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की भात का बंद झाला. मी बोलायला लागले. काय काय बोलले ते लिहीत नाही; सगळं खरं होतं आणि सगळं वाया गेलं. मी गप्प झाले तेव्हा आय म्हणाली, "झालं तुझं? पहाटे मोह वेचायला चल. फार पडलाय."

शनिवारी पहाटे आम्ही बांधावरच्या मोहाखाली होतो. झाडाखाली पिवळट फुलांचा सडा. मोहाचं फूल मऊ, रसानं भरलेलं; दहा-वीस वेचली की बोटं चिकट होतात, बोटाला बोट लागून राहतं. डाव्या हातात टोपली, उजव्या हातानं वेचणं. उजाडल्यावर आम्ही बसलो. बाच्या मागं मी साखरेचं मशीन विकत घेतलं होतं. घरी आले की आयची तपासते. तिला टोचून घ्यायला आवडत नाही.

"आधी तुझं टोच," ती म्हणाली. "दरवेळी माझंच रक्त काढतेस."

"घे." मी माझ्या उजव्या बोटाला सुई लावली, थेंब पट्टीला लावला. पाच सेकंद.

तीनशे चौऱ्याण्णव.

आयनं आकडा बघितला. तिला आकडे वाचता येतात. ती हळू आवाजात म्हणाली, "तुलाबी झाली का गं?"

मला अडतिसावं चालू आहे. महिन्यापूर्वीच शाळेच्या शिबिरात माझं रक्त तपासलं होतं. सगळं ठीक होतं. तरी मी घाबरले, हे कबूल करायला हवं. बाचा पाय डोळ्यांपुढं आला. मशीन बिघडलं असेल म्हणून मी दुसरी पट्टी घातली. उजवं बोट दुखत होतं, म्हणून डावं पुढं केलं. एवढंच. काही शोधायला म्हणून नव्हे.

सत्त्याण्णव.

एका मिनिटात, एकाच बाईच्या दोन हातांत तीनशेचा फरक. आय माझ्याकडं बघत होती आणि मी माझ्या उजव्या हाताकडं. अंगठा आणि बोट जुळवलं तर ती चिकटली. मी बोट जिभेला लावलं.

कळशीतल्या पाण्यानं मी हात धुतला, पदरानं कोरडा पुसला, आणि उजव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला टोचलं. पंचाण्णव.

मशीनला काय कळणार की थेंबातली साखर रक्तातून आली की बोटावरून? ते बिचारं समोर येईल ती मोजतं.

मी तशीच घरी गेले. पेटीतून बाचा कागद काढला. दालचिनीबाबाचा: चारशे एकतीस, एकशे अठ्ठ्याहत्तर. त्याच्याखाली दवाखान्याचा केसपेपर होता, धनेशजींच्या पहिल्या मांडवाच्या आधीच्या फाल्गुनातला. जेवणानंतरची साखर: एकशे एक्याऐंशी.

म्हणजे उतरलं काहीच नव्हतं. चारशे एकतीस हा मोहाचा आणि गुळाचा आकडा होता. एकशे अठ्ठ्याहत्तर हा बाचा खरा आकडा. तो त्याच्या गोळ्यांनी धरून ठेवलेला होता. ज्यांनी धरून ठेवला त्या गोळ्या त्यानं खुराड्यावर ठेवल्या, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्या कॅप्सूल खाल्ल्या. हे दोन कागद भादव्यापासून एकाच पेटीत एकमेकांवर पडून होते. मी ते एकदाही शेजारी ठेवून वाचले नव्हते, आणि मी पोटासाठी वाचायला शिकवते.

आय दारात उभी होती. तिला मी सगळं सांगितलं, यावेळी थोडक्यात.

तिनं दोन्ही कागद हातात घेऊन आकडे बघितले. मग म्हणाली, "म्हंजे भातानं नाय?"

"भातानं नाय, आय. गोळ्या सुटल्या म्हणून."

तिनं पदरानं तोंड पुसलं. परत विचारलं, "एक वेळच्या भातानं नाय?"

"नाय."

ती बाहेर जाऊन फुलं वाळत घालू लागली. पाठ माझ्याकडं होती. थोड्या वेळानं तिकडूनच म्हणाली, "उद्या तू बोलू नको."

"का?"

"तू बोललीस की भाषण होतं. लोक तोंडापुरतं ऐकतात आणि उठून जातात. तुझ्या बानंबी तसंच केलं. मी बोलते."

दुसऱ्या दिवशी मारुतीपुढं तोच मांडव, तेच पिवळं कापड. तीच साखर, तीच चिनी, तेच ऋषिमुनी. मंगळूकाका याही वेळी पुढं बसले होते, पण आता भक्त म्हणून. वर्षभर त्यांनी कॅप्सूल खाल्ल्या होत्या आणि चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला होता. धनेशजींनी त्यांना उभं करून लोकांना दाखवलं.

आयची पाळी आली. धनेशजींनी तिला नावानिशी ओळखलं. आवाज खाली आणला. "नवशीमाउली. फागूकाकांची आठवण येते. या." त्यांनी तिच्या उजव्या तळव्यावर गूळ ठेवला. आयनं मूठ मिटली, अकरा वेळा नाव घेतलं, गूळ खाल्ला. बोट पुढं केलं.

"चारशे बावन्न," माईकवरून आवाज आला. "माउली, साखर डोक्यापर्यंत आली. वेळेवर आलात."

"आता हा घे," आय म्हणाली आणि तिनं डावा हात पुढं केला.

"डावा नको, माउली. देवाचं काम आहे."

"डाव्या हातानं मी आवणी करते. भाकर थापायला दोन्ही लागतात. पोरीला डाव्याच हातानं धुतली, ती पंधरावी शिकली." आयचा आवाज मोठा नव्हता. "डाव्या हाताचं रक्त काय दुसऱ्या गावचं हाय?"

मांडवात हसू पसरलं.

"घ्या की महाराज," मागून कुणीतरी म्हणालं. "बाई स्वतः म्हणती."

"पट्टी महाग असते. एका माणसाला एक."

"माझ्याकडं हाय पट्टी," सुनिता म्हणाली. ती कडेला आपली पिशवी घेऊन उभी होती. सकाळीच मी तिच्या घरी जाऊन आले होते. "मशीनबी हाय." तिनं आयचं डावं बोट कापसानं पुसलं, वाळू दिलं, टोचलं, आणि मशीन मंगळूकाकांच्या हातात दिलं. "काका, वाचा."

काकांनी डोळे बारीक केले. "दोनशे... तीन."

"त्यांचं मशीन चुकीचं आहे," धनेशजी म्हणाले. "सरकारी."

"बरं." सुनितानं त्याच मशीनमध्ये दुसरी पट्टी घातली आणि आयचा उजवा हात घेतला. यावेळी पुसला नाही. "काका."

"चारशे एकोणपन्नास." काका आकड्याकडं बघत राहिले. "एकच मशीन. एकच बाई."

"तीर्थ घेतल्यावर दोन्ही हात सारखे होतील," धनेशजी घाईनं म्हणाले. "हीच तर औषधाची..."

"डावा तर तीर्थाच्या आधीच उतरला," आय म्हणाली. "त्यानं कुठं औषध खाल्लं?" तिनं उजवं बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि चाटलं. "गोड हाय. मशीननं गूळ मोजला तुमचा. मंग तुम्ही तीर्थानं हात धुऊन घेता, आणि मंग रक्त मोजता."

 मांडवातली माणसं आपापल्या उजव्या हाताकडं बघत होती. एकदोघांनी बोट जिभेला लावून पाहिलं.

"माझा फागू मोहाखालून उठून आला होता," आय म्हणाली. "त्याच्या हाताचा मोह मोजलात. खरी साखर त्याची गोळीनं धरलेली होती. ती गोळी सोडायला लावलीत आणि तो मेल्यावर मला येऊन सांगितलंत, की तू भात घातलास."

धनेशजी काही तरी बोलले; माईक बंद झाला होता की त्यांनी बंद केला, कळलं नाही. मंगळूकाकांनी आपला डावा हात सुनितापुढं धरला होता. नव्व्याण्णव आले.

"मंग मला साखर होतीच कवा?" काका म्हणाले.

"कधीच नसेल, काका. दवाखान्यात एकदा नीट तपासून घ्या."

"वर्षभर मी मोहाची दारू सोडली." त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. "पाहुण्याच्या लग्नातबी घेतली नाय."

"तेवढं खोटं आणखी थोडं चालू द्यायचं होतं," कोंडीकाकू म्हणाली.

आता हसू आलं तसं लोकांच्या अंगात बळ आलं. आय टेबलाजवळ गेली. सकाळपासून प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवणारा हात धनेशजींचाच होता. "महाराज, तुमचा उजवा द्या. सगळ्यांत जास्त साखर तुम्हालाच निघंल."

त्यांनी हात पाठीमागं नेला.

"द्या की. रोग नखातून उतरतो ना?"

त्यांनी हात दिला नाही. त्यांनी मशीन उचललं, तसबीर उचलली, पिवळं कापड गोळा केलं. कमंडलू तसाच राहिला. गाडी वळणावरून खाली गेली तेव्हा मंगळूकाका तो कमंडलू उलटा करून बघत होते. तळाशी दालचिनीचा चोथा होता, आणि बाकी पाणी.

इथं गोष्ट संपवता आली असती. पण त्या दिवशी गाडी जाण्याआधी गाडीच्या मागच्या दारातून चौघांनी कॅप्सूलच्या डब्या विकत घेतल्याच. एकजण मला म्हणाला, "मॅडम, हाताचं खरं असंल, पण औषधात काहीतरी गुण असणारच. एवढी माणसं उगाच येतात का?" मी तक्रारीचा अर्ज दिला आहे. त्यानंतरच्या आठवड्यात मोखाड्याच्या बाजूला कुठंतरी मांडव पडला, गर्दी झाली, असं ऐकलं. तिथंही मोह आहे. तिथंही प्रसाद उजव्या हातातच घेतात. तोच त्याचा सगळा व्यवसाय आहे: आपली श्रद्धा कुठल्या हातात असते ते त्याला माहीत आहे.

म्हणून हे लिहिते आहे, आणि भाषण होऊ नये याची काळजी घेते आहे. कुणी तुमच्या बोटाला सुई लावणार असेल तर आधी हात साबणानं धुवा आणि कोरडे करा. तो धुवू देत नसेल तर उठून या. आकडा फार मोठा आला किंवा फार लवकर उतरला तर दुसऱ्या हाताचं रक्त घ्यायला सांगा, आणि मग दवाखान्यात जाऊन खात्री करा. दालचिनी चहात घाला, मसाल्यात घाला. ती गोळीच्या जागी घालू नका. गोळी वाढवायची, कमी करायची की बंद करायची, ते तुमचं रक्त नीट तपासून डॉक्टर सांगेल. आणि ज्याला पुन्हा तपासलेलं चालत नाही, त्याचं औषध कितीही पवित्र असो, घेऊ नका. खरं असतं ते दुसऱ्यांदा मोजल्यानं कमी होत नाही.

हे मी बाला सांगू शकले नाही. मी त्याला शब्दाची गोष्ट सांगत बसले.

त्या रविवारी संध्याकाळी आयनं भात रांधला. थोडाच, मूठभर, सोबत उडदाचं वरण आणि नागलीची अर्धी भाकर. बाच्या जागेपुढं एक घास काढून ठेवला. मग ती फडताळापाशी गेली, गोळ्यांचा डबा काढला आणि एक गोळी तळहातावर घेऊन माझ्याकडं बघितलं.

"कुठल्या हातानं घेऊ, बाई?" तिनं विचारलं.

"कुठल्याही," मी म्हणाले. "फक्त घे."